माळरानावरचे बहुरूपी

हिंजवडीच्या पलीकडे, माण आणि मारुंजीच्या टेकड्यांच्या उतारावर, जिथे अजून प्लॉटचे खांब रोवले गेलेले नाहीत तिथे उन्हाळ्यात जमीन उघडी पडते. कुसळी गवत वाळून आडवं झालेलं असतं. मधूनमधून मुरूम, काळे दगड आणि बोरी-बाभळींची खुरटी झुडपं. उन्हं वर आली की या जमिनीवर मुंगळ्यांची ये-जा सुरू होते. थोडा वेळ उकिडवं बसून पाहिलं तर त्यातला एखादा मुंगळा वेगळा वागताना दिसतो. तो रांगेत शिरत नाही, रांगेच्या कडेकडेने पळतो. पळता पळता थबकतो, पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवतो आणि पुन्हा नागमोडी पळत सुटतो. काडी आडवी धरली तर खरा मुंगळा तिच्यावर बेधडक चढतो, हा मात्र झटकन वळतो. काडीवर आलाच तर खाली उडी टाकताना मागे बारीक रेशमी धागा सोडतो. मुंगळ्याला असा धागा सोडता येत नाही. मग पाय मोजावेत: सहाऐवजी आठ भरतात.

हा कोळी आहे. जाळं न विणता जमिनीवर धावत शिकार करणारा आणि दिसायला, चालायला मुंगीसारखा. पूर्वी गावात बहुरूपी यायचा, पोलिसाचं सोंग घेऊन दारात उभा राहायचा आणि घरातली माणसं क्षणभर खरंच दचकायची. या कोळ्याचंही तसंच. फरक इतकाच की बहुरूप्याचं सोंग ओळखलं गेलं तर लोक हसून त्याला पसाभर धान्य द्यायचे, इथे सोंग ओळखलं गेलं की जीव जातो.

मुंगीचं सोंग घेणाऱ्या कोळ्यांची एकापेक्षा अधिक घराणी आहेत आणि ती एकमेकांच्या जवळची नाहीत. एक घराणं उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं. त्यातली मिर्माराक्ने ही प्रजाती झाडाझुडपांवर, पानांवर आणि खोडांवर वावरते. दुसरं घराणं जमिनीवर वेगाने पळणाऱ्यांचं. कॅस्टियानेरा आणि कोरिनोमा या त्यातल्या भारतभर भेटणाऱ्या प्रजाती. यांची अंगकाठी लांबट, कंबर बारीक, पोट काळं तुकतुकीत आणि त्यावर पांढऱ्या केसांचे आडवे पट्टे. पट्ट्यांमुळे सलग पोट तुटक भासतं आणि कोळ्याचं दोन भागांचं शरीर मुंगीसारखं तीन भागांचं दिसू लागतं. तेच काम काही जातींमध्ये पोटाला पडलेली खाच करते. कॅस्टियानेराची मादी दगडाच्या पोटाशी अंड्यांची चपटी, गोल डबी चिकटवते. ती कागदासारखी टणक असते आणि तिला धातूसारखी चकाकी असते. माळावरचा दगड उलटल्यावर खालच्या बाजूला असं लहानसं चकचकीत बटण दिसलं, तर तो बहुधा याच धावपटूंचा ठेवा असतो. दगड होता तसाच, हळूच परत ठेवावा.

सोंग मुंगीचंच का, हे मुंगी खाऊन पाहणाऱ्या पक्ष्याला विचारावं. मुंगी चावते, तिच्या अंगात जळजळणारं आम्ल असतं, काही जाती डंख मारतात आणि एकीला डिवचलं की मागून शंभर धावून येतात. सरडे, पक्षी, गांधीलमाश्या यांच्यातले बरेच जण म्हणून मुंग्यांच्या वाटेला जात नाहीत. उलट मऊ पोटाचा कोळी म्हणजे सगळ्यांचं आवडतं खाद्य. कुंभारीण माशीचं मातीचं घरटं पुण्याच्या जुन्या घरांच्या खिडकीच्या चौकटीत आजही सापडतं. ते फोडून पाहिलं तर प्रत्येक कप्प्यात कोळी ठासून भरलेले असतात. मेलेले नसतात, डंखाने लुळे पडलेले असतात. अळी अंड्यातून बाहेर येईपर्यंत मांस ताजं राहावं म्हणून केलेली ही बेगमी. घाना देशात माल्कम एडमंड्स या संशोधकाने अशा कोळी पकडणाऱ्या माश्यांची घरटी उघडून आतल्या कोळ्यांची छाननी केली आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला: परिसरात मुंगीसारखे कोळी असूनही घरट्यांत ते कमी सापडतात. माशीची नजर चुकते ती अशी.

एक दुर्बल प्राणी दुसऱ्या त्रासदायक प्राण्यासारखा दिसून वाचतो, ही कल्पना शास्त्रात आणली हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं काढून तो परतला आणि १८६२ मध्ये त्याने तिथल्या फुलपाखरांवरचा निबंध प्रसिद्ध केला. डार्विनच्या ग्रंथाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि नैसर्गिक निवडीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणून या निबंधाची चर्चा झाली. पुढे १८७४ मध्ये टॉमस बेल्टने निकाराग्वावरच्या आपल्या पुस्तकात मुंगीसारख्या कोळ्यांचं वर्णन केलं आणि ते पुढचे पाय मिशांसारखे वर धरतात हेही टिपलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने १८९२ मध्ये मुंगीसारख्या उडी-कोळ्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला.

भारतात या विषयाकडे पहिलं लक्ष वेधलं ते कोळी पाहणाऱ्यांनी नव्हे, मुंग्या पाहणाऱ्यांनी. जी. ए. जे. रॉथनी नावाचे गृहस्थ कोलकात्याजवळच्या बराकपूरला मुंग्यांचं निरीक्षण करत असत. झाडांच्या खोडांवर फिरणारी, तांबड्या छातीची आणि काळ्या डोक्या-पोटाची एक मुंगी त्यांच्या परिचयाची होती. तिचा डंख भयंकर. तिच्याच सोबतीने, त्याच खोडांवर, त्याच रंगांत एक कोळी फिरतो आणि एक गांधीलमाशीसुद्धा, असं त्यांच्या ध्यानात आलं आणि १८८९ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी ते नोंदवलं. एका मुंगीची दोन वेगवेगळी सोंगं एकाच झाडावर! मुंग्यांची नजर बसलेल्या माणसालाच त्यांच्यातला उपरा ओळखू आला, यात नवल काही नाही.

पुण्यातही आधी मुंग्याच मोजल्या गेल्या.

त्याची मुळं मुंबईत आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांतले दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन राऊत. आणखी एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हे साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलेले आणि 'ईएचए' या नावाने लिहिणारे. बंगल्यातल्या पाली, कोळी, मुंग्या, वटवाघळं यांच्यावर लिहिलेलं त्यांचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक त्या काळी घरोघरच्या इंग्रजी वाचकांत लोकप्रिय होतं. वाघ-बिबट्यांच्या शिकारकथांच्या त्या जमान्यात पायाखालच्या जिवांकडे कौतुकाने पाहणारं हे लेखन होतं आणि या परंपरेचं ऋण आपल्याकडे पुरेसं मानलं जात नाही.

या सोसायटीच्या कामात रमलेले रॉबर्ट चार्ल्स रॉटन मुंबई इलाख्याच्या वनखात्यात अधिकारी होते. जंगलखात्याचा साहेब म्हटलं की डोळ्यांसमोर बंदूक येते. रॉटन मुंग्या वेचायचे. त्यांनी जमवलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडला ओग्युस्त फोरेल यांच्याकडे जात. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांच्या अभ्यासात जगभर मान असलेले. पुण्याहून गेलेल्या एका बारीक मुंगीला फोरेलनी १८९० मध्ये रॉटन यांचंच नाव दिलं. १८९२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात रॉटन यांनी 'अवर अँट्स' या शीर्षकाने इकडच्या मुंग्यांवर लिहिलं आणि त्याच नियतकालिकात फोरेल यांची भारत-सिलोनच्या मुंग्यांवरची फ्रेंच लेखमालाही सुरू झाली. हिंदुस्थानातल्या मुंग्यांचा पहिला मोठा आढावा अशा रीतीने मुंबईत छापला गेला आणि त्यात पुण्याच्या मातीतल्या मुंग्यांचा वाटा मोठा होता. सोंगाड्यांच्या इतिहासात याला महत्त्व आहे, कारण कोण कोणाची नक्कल करतो हे सांगायचं तर आधी मूळ कोण ते ठाऊक असावं लागतं.

कोळ्यांच्या नावांचा प्रवास मात्र फार वेळ पॅरिस-लंडनवरून होत राहिला. १८८०च्या दशकात शापे नावाचे फ्रेंच खाण-अभियंते हिऱ्यांच्या शोधात तेव्हाच्या बेल्लारी जिल्ह्यातल्या वज्रकरूरला आले. दख्खनच्या त्या उजाड पठारावर हिऱ्यांबरोबर त्यांनी कोळीही गोळा केले आणि पॅरिसच्या यूजीन सिमाँ यांच्या हवाली केले. सिमाँ हे त्या काळचे कोळ्यांचे जगातले सर्वांत मोठे जाणकार. १८८५ मध्ये त्यांनी त्या संग्रहावर निबंध लिहिला आणि त्यात सीनॉप्टिकस पुल्चर या देखण्या धावऱ्या कोळ्याला नाव दिलं. त्याचं सोंग साध्या मुंगीचं नाही, मखमली मुंगीचं आहे. मखमली मुंगी ही खरं तर गांधीलमाश्यांच्या गोतातली बिनपंखी मादी. ती जमिनीवर तुरुतुरु पळते, अंगावर मखमलीसारखी लव, लाल-काळ्या रंगावर पांढरे ठिपके, आणि डंख असा की एकदा अनुभवलेला प्राणी पुन्हा त्या रंगांच्या वाटेला जात नाही. कोळ्याने नेमके तेच रंग उचलले आहेत. दख्खनच्या कोरड्या जमिनीवर नक्कल करण्याजोग्या दोन वेगळ्या जातकुळी आहेत, मुंग्या आणि मखमली मुंग्या, आणि जमिनीवरच्या धावऱ्यांनी दोन्ही हेरल्या.

सिमाँ यांनीच १८९७ मध्ये कॅस्टियानेरा झेटीस या भारतीय जातीला नाव दिलं. लंडनच्या रेजिनाल्ड पोकॉक यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरचा कोळी-विंचवांचा खंड १९०० मध्ये आला. या साऱ्या कामाची रीत एकच: इथे कोणीतरी बाटली भरायची, बोटीने पाठवायची, तिकडे नाव ठरायचं.

ती रीत मोडायला कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये सुरुवात झाली. तिथल्या संग्रहातल्या मुंगीसारख्या कोळ्यांवर के. नारायण यांनी १९१५ मध्ये संग्रहालयाच्या नियतकालिकात सविस्तर टिपण लिहिलं. एका भारतीय अभ्यासकाने केवळ या सोंगाड्यांवर लिहिलेला हा आरंभीचा महत्त्वाचा निबंध. त्यांनी नावं दिलेल्या जातींत एक आहे मिर्माराक्ने सातारेन्सिस. साताऱ्याचं नाव अशा रीतीने मुंगीचं रूप घेतलेल्या एका कोळ्याच्या मागे कायमचं लागलं. सोळा वर्षांनी, १९३१ मध्ये, एफ. एच. ग्रेव्हली यांनी त्याच नियतकालिकात जमिनीवर धावणाऱ्या घराण्यांचा आढावा घेतला. कॅस्टियानेराच्या फ्लेव्हिपीस आणि हिमालयेन्सिस या दोन जाती त्यातल्या. ग्रेव्हली आधी कोलकात्याला होते आणि पुढे मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख झाले.

याच सुमारास आर. डब्ल्यू. जी. हिंग्स्टन हे लष्करी डॉक्टर मात्र वेगळ्या वाटेने चालले होते. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक म्हणून गेले होते. १९२७ मध्ये त्यांनी सोंगाड्या कोळ्यांच्या प्रत्यक्ष रानातल्या निरीक्षणांवर निबंध लिहिला. कोळी बाटलीत घालण्याआधी तो कसा चालतो, कुठे थांबतो, कोणत्या मुंगीच्या आसपास राहतो हे पाहायला हवं, हा त्यांचा आग्रह. इतर बहुतेकांचा सगळा भर नमुन्यावर होता.

पुण्याची पाळी आली १९५९ मध्ये. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे झेडएसआयने, आपलं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात उघडलं. या केंद्रात आलेले बिनय कृष्ण टिकादार यांनी भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाला वळण दिलं. बंगालमध्ये जन्मलेल्या या माणसाने सिक्कीमपासून सह्याद्रीपर्यंत कोळी धुंडाळले. १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या शास्त्रीय नियतकालिकात त्यांचा महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतल्या कोळ्यांवरचा अभ्यास आला. महाराष्ट्र राज्य होऊन तीनच वर्षं झाली होती, आणि नव्या राज्याच्या नावाने त्याच्या कोळ्यांची गणती सुरू झाली.

१९७३ मध्ये टिकादार यांनी भारतातल्या मिर्माराक्ने प्रजातीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका नव्या जातीचं नाव मिर्माराक्ने पूनाएन्सिस, दुसरीचं मिर्माराक्ने मराठा. त्याच वर्षी जमिनीवर रात्री धावणाऱ्या, दिवसा दगडाखाली दडणाऱ्या कोळ्यांपैकी एकाला ग्नाफोसा पूनाएन्सिस हे नाव मिळालं. पुढे १९८० मध्ये टिकादार आणि मल्होत्रा यांनी लांडगा-कोळ्यांपैकी एकाला लायकोसा पूनाएन्सिस म्हटलं. फोरेलनी पुण्याच्या मुंगीला नाव दिलं १८९० मध्ये, पुण्याच्या मुंगी-कोळ्याला नाव मिळालं १९७३ मध्ये. मूळ आणि नक्कल यांच्या नोंदींमध्ये त्र्याऐंशी वर्षांचं अंतर पडलं. इतकी वर्षं ते कोळी माणसांच्या नजरेलाही मुंग्याच वाटले असतील, असं मानायला जागा आहे.

टिकादार पुढे झेडएसआयचे संचालक झाले. 'फॉना ऑफ इंडिया' मालेतले त्यांचे कोळ्यांवरचे खंड १९८० आणि १९८२ मध्ये निघाले आणि १९८७ मध्ये 'हँडबुक इंडियन स्पायडर्स' आलं. भारतात कोळ्यांवर काम करणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांची सुरुवात या पुस्तकाने झाली. या लेखनात दोष नव्हते असं नाही. कित्येक जातींची फेरतपासणी पुढच्या अभ्यासकांना करावी लागली आणि ती अजून चालू आहे. पण आधी कुणीतरी नांगरट करावी लागते. जमिनीवरच्या धावऱ्या घराण्यांवर मजुमदार आणि टिकादार यांचा अभ्यास १९९१ मध्ये झेडएसआयनेच छापला.

या सगळ्या मौल्यवान कामाला एक मर्यादा होती. ती माणसांची नव्हती, पद्धतीची होती. कोळ्याची जात ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली, मुख्यतः त्याच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून. त्यासाठी कोळी अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. अल्कोहोलमध्ये रंग उतरतात, केसांचे पट्टे विसकटतात आणि चाल तर संपूनच जाते. मुंगी-कोळ्याच्या बाबतीत ही हानी मोठी आहे, कारण त्याच्या सोंगाचा निम्मा भाग अंगावर असतो आणि निम्मा पायांत. बाटलीतला कॅस्टियानेरा हा बारीक कंबरेचा एक कोळी असतो. मातीवर पळू लागला की तो मुंगी होतो.

ही चाल मोजली गेली अगदी अलीकडे. अमेरिकेतल्या पॉल शॅम्बल आणि सहकाऱ्यांनी मिर्माराक्नेच्या एका जातीची चाल अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर सगळे समजत होते की हा कोळी सहा पायांवर चालतो आणि पुढचे दोन पाय सतत मिशांसारखे वर धरतो. कॅमेऱ्याने दाखवलं ते वेगळंच. तो आठही पायांवर चालतो. मधूनमधून सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका थबकतो आणि तेवढ्यात पुढचे पाय उचलून हलवतो. थबकणं इतकं अल्प की पाहणाऱ्या शत्रूला वाटतं, याच्या मिशा चालताना हलतच आहेत. शिवाय त्याची वाट नागमोडी असते. मुंगी वासाच्या रेषेवरून डावी-उजवीकडे झुकत जाते, तशीच. कोळ्याला तिथे कुठलाही वास हुंगायचा नसतो, तरी तो तसा चालतो.

बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातल्या संशोधक दिव्या उमा यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मुंगी-कोळ्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेकहॅम दांपत्याच्या नावावरून त्या प्रजातीला पेकहॅमिया म्हणतात. प्रश्न असा होता की डोळ्यांनी शिकार शोधणाऱ्यांना सोंग फसवतं हे मान्य, पण वासाने ओळखणाऱ्यांचं काय? प्रयोगात दोन्ही प्रकारचे शत्रू चकले. चकणाऱ्यांत आपल्या कुंभारीण माशीची अमेरिकी बहीणही होती.

न्यूझीलंडचे झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००६ मध्ये आणखी एक पेच उलगडला. मिर्माराक्नेच्या नराचे जबडे भलतेच लांब असतात, मादीचे नसतात. मग नराचं सोंग बिघडत नाही का? त्यांच्या प्रयोगांनुसार नर दिसतो तोंडात काही धरून निघालेल्या मुंगीसारखा. सोंग बिघडत नाही, बदलतं. पण किंमत मोजावी लागते: ओझं वाहणाऱ्या मुंग्यांनाच नेमकं पकडणारे शिकारी असतात, त्यांच्या तावडीत नर सापडतो. पिल्लांची तऱ्हा आणखी निराळी. बऱ्याच जातींत लहान पिल्लू लहान मुंगीसारखं दिसतं आणि वाढत गेलं की मोठ्या मुंगीसारखं. एका आयुष्यात त्याला दोन-तीन जातींच्या मुंग्या शेजारी लागतात.

शेजारी लागतात, ही गोष्ट हिंजवडीच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. सोंग तिथेच चालतं जिथे मूळ प्राणी भरपूर असतो. मुंगळे विरळ झाले की पक्ष्यांना त्यांचा धडा मिळत नाही आणि धडा न मिळालेल्या पक्ष्यापुढे मुंगळ्यासारखं दिसण्याचा काही उपयोग नसतो. दगड हवेत, कारण त्यांच्याखाली अंडी आणि दिवसाचा निवारा. गवत हवं, कारण त्यातल्या बारक्या किड्यांवर कोळी जगतो. मऊ, न खणलेली माती हवी, कारण तिच्यात वारुळं. यातलं एक काढलं की बाकीचं सैल होतं.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं जुनं गाव. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडला बगाड निघतं, ते आजही निघतं. खालच्या बाजूला शेती आणि वरच्या बाजूला गुरं चारायचे माळ, ही या पट्ट्याची जुनी वाटणी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतला. त्याचे टप्पे वाढत माणपर्यंत गेले. डिसेंबर २०१८ मध्ये माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरहून लांब मेट्रो मार्गाची पायाभरणी झाली. हजारो घरांची चूल या बदलावर पेटली आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण याच काळात माळाचे दगड खडीच्या क्रशरमध्ये गेले, मुरूम भरावात गेला आणि गवताच्या जागी पाणी पिणारी, परदेशी, एकसुरी लॉन आली. लॉनवर महिन्या-दोन महिन्यांनी औषध फवारलं जातं. तिथे मुंगळे टिकत नाहीत, मग त्यांचे सोंगाडे कसे टिकणार?

सरकारी दप्तरात या जमिनीची नोंद पूर्वीपासून पडीक. २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला तेव्हा गवताळ आणि झुडपी माळांचा मोठा भाग त्यात गेला. ज्या माळावर चंडोल आणि माळटिटवी अंडी घालतात, मेंढपाळ वाडे बसवतात आणि ज्याच्या एका दगडाखाली तीन घराण्यांचे कोळी सापडू शकतात, त्या जमिनीला पडीक म्हणणं हा मोठा अन्याय आहे. जंगल तोडायला निदान परवानगी लागते. खाजगी पडीक माळ जेसीबीने एका आठवड्यात सपाट होतो आणि कुणाला काही वाटत नाही.

ज्या झेडएसआय केंद्रातून पूनाएन्सिस आणि मराठा ही नावं निघाली, ते आज आकुर्डीला, रावेत रस्त्यावर आहे. हिंजवडीपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. नमुने, कागद, जाणकार, सगळं जवळ आहे. वानवा आहे ती चालत्या कोळ्यांच्या नोंदींची. टिकादारांच्या काळात ती नोंद करणं जवळपास अशक्य होतं. आज हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत फेरफटका मारणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असा कॅमेरा आहे, जो मिनिटभराची हालचाल संथ गतीने दाखवू शकतो. शॅम्बल यांच्या प्रयोगशाळेइतका तो वेगवान नाही, पण कोळी कुठे थबकतो, पाय कधी उचलतो आणि शेजारी कोणती मुंगी आहे हे टिपायला पुरेसा आहे.

तेव्हा इथे काम करणाऱ्या आणि राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. मारुंजीच्या टेकडीवर, कंपनीच्या कुंपणालगत किंवा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात एकटा पळणारा मुंगळा दिसला तर त्याला पकडू नका. त्याचं चित्रीकरण करा, त्याच चौकटीत जवळच्या मुंग्याही येऊ द्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाका. सोसायटीच्या बैठकीत बागेचा विषय निघाला की निदान एक कोपरा फवारणीतून आणि गवतकापणीतून वगळा, आणि तिथले काळे दगड उचलू देऊ नका. पहिल्या पावसानंतरचे दोन महिने चित्रीकरणासाठी उत्तम. मुंग्या तेव्हा जोरात असतात.